दुखणं पायात, मूळ कमरेत

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



आमच्या दवाखान्यात एखादा माणूस शिरताना पाहिला, की पुष्कळदा त्याचं दुखणं त्याच्या बोलण्याआधीच कळतं. अंग एका बाजूला कललेलं, एक हात कमरेखाली दाबून धरलेला, दुखरा पाय जेमतेम टेकवायचा आणि पटकन उचलायचा. खुर्ची पुढे केली तर म्हणतो, ‘नको, मी उभाच बरा.’ खोकला आला तर आधाराला भिंत शोधतो. असा माणूस दिसला की मनात पहिलं नाव येतं ते सायटिकाचं. आयुर्वेदात या दुखण्याला ‘गृध्रसी’ म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव, असं सांगतात. तेव्हा हे दुखणं काही आजच्या खुर्चीवरच्या नोकऱ्यांनी जन्माला घातलेलं नाही. नांगर धरणाऱ्यालाही ते होतं आणि संगणकापुढे बसणाऱ्यालाही होतं.

फिजिओथेरपीच्या व्यवसायात मला आता तीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात या दुखण्यावरचे उपचार माझ्या डोळ्यांदेखत बदलले. काही बाबतींत मला स्वतःची चूक कबूल करून बदलावं लागलं. आज बोलायचं आहे ते त्या बदलाविषयी. कारण दवाखान्यात बदललेल्या गोष्टी घराघरांत अजून पोहोचलेल्या नाहीत.

नस दबते म्हणजे काय होतं?

सायटिका हे रोगाचं नाव नव्हे, ते लक्षणाचं नाव आहे. ताप म्हटल्यावर तो कशामुळे आला हे जसं शोधावं लागतं, तसंच हे. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपाशी आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून मज्जातंतूंची मुळं बाहेर पडतात. ती एकत्र येऊन सायटिक नावाची नस तयार होते. शरीरातली ही सर्वांत जाड नस, जवळजवळ अंगठ्याएवढी. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूनं उतरते, गुडघ्याच्या थोडं वर तिला दोन फाटे फुटतात आणि ते पार पावलाच्या बोटांपर्यंत जातात. मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो, त्यामुळे थोडा घोटाळा होतो. इथे रक्ताचा संबंध नाही. ही निरोप वाहून नेणारी तार आहे.

फाटकावरचं बटण दाबलं तर घंटा घरात वाजते. तसंच इथे होतं. नसेचं मूळ कमरेत डिवचलं जातं आणि कळ उठते पोटरीत, घोट्यात, करंगळीत. म्हणून लोक महिनोन्‌महिने पोटरीला तेल चोळत बसतात. पाय निर्दोष असतो. बटण वर दाबलेलं असतं.

हे बटण दाबतं कोण? तरुण आणि मध्यम वयात बहुतेक वेळा मणक्यांमधली चकती. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते. तिच्या कडेला दोरखंडासारखी घट्ट वीण आणि आत मऊ, ओलसर गर. वीण झिजली किंवा फाटली की गर मागच्या बाजूला सरकतो आणि तिथून जाणाऱ्या नसेच्या मुळाला टेकतो. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी शस्त्रक्रियेत पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे हे मांडलं, आणि तेव्हापासून सायटिकाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पुढे असंही लक्षात आलं, की नुसत्या दाबानं हे होत नाही. बाहेर आलेल्या गरातल्या रसायनांनी नसेला सूजही येते. ही सूज ओसरली की पुष्कळसं दुखणंही ओसरतं, चकती जागच्या जागी असली तरी.

आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आहे’ असं सर्रास म्हणतात. क्ष-किरणाच्या चित्रात चकती दिसत नाही, दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते. ती जागा निरोगी माणसातही असतेच, कारण तिथे चकती राहते. खरं तर चकती झिजली की ही जागा कमी होते, वाढत नाही. पण ‘गॅप’ या शब्दानं माणसाला वाटू लागतं, की आपला कणा मधून सुटलाय, जरा हललो तर निखळेल. या भीतीनं झालेलं नुकसान मी चकतीनं केलेल्या नुकसानापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

उतारवयात कारण बहुधा वेगळं असतं. मज्जारज्जूची नळी अरुंद होते. एक आजोबा सांगायचे, ‘मंडईपर्यंत चालताना चार वेळा थांबावं लागतं, पण भाजीची हातगाडी ढकलत नेली तर न थांबता जातो.’ त्यात नवल नव्हतं. पुढे वाकलं की नळीतली जागा थोडी वाढते आणि नसांना मोकळं वाटतं. चकतीच्या रोग्याला मात्र पुढे वाकलं की कळ येते. दोघांच्या पायांत सारखीच कळ, पण एकाला उपयोगी पडणारा व्यायाम दुसऱ्याला त्रास देईल. म्हणून शेजारच्या काकूंना गुण आलेला व्यायाम आपण उचलू नये.

वजन लावून झोपवलेली माणसं

मी शिकून बाहेर पडले तेव्हा सायटिका म्हणजे सक्तीची विश्रांती, असं समीकरण होतं. वॉर्डात पाच-सहा रोगी ओळीनं झोपलेले असत. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्या पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या कप्पीवरून खाली सोडलेल्या आणि त्यांना वजनं टांगलेली. लोक त्याला ‘वजन लावलं’ म्हणत. दोन-दोन, तीन-तीन आठवडे माणूस तसाच पडून राही. सकाळी वजनं तपासत फिरणं हे माझं काम. मनापासून करायचे. तीन आठवड्यांनी रोगी उठत तेव्हा त्यांच्या मांड्या वाळलेल्या असत, उभं राहिलं की घेरी येई. आम्ही म्हणायचो, ‘अशक्तपणा आहे, येईल ताकद हळूहळू.’

१९९९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १८३ रोग्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना दोन आठवडे अंथरुणात विश्रांती दिली, अर्ध्यांना सांगितलं की जमेल तसं हिंडा-फिरा. बारा आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांतल्या ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. विश्रांतीनं काहीही जास्त दिलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला ते पलंग आठवले. त्या माणसांचा बुडालेला रोजगार आठवला.

या आकड्यात एक चांगली बातमीही आहे. बहुतेकांना तीन महिन्यांच्या आत पुष्कळ आराम पडतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. आपल्याकडे पूर्वी उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेत. गुण यायचाच, कारण उसण चार-आठ दिवसांत तशीही उतरते. यश पायाळूच्या पदरात पडायचं. हसू नका, आमच्या यंत्रांचंही काही प्रमाणात तसंच झालं.

शेकाची यंत्रं, विजेचे हलके झटके देणारी यंत्रं, अल्ट्रासाउंड, वजनं: या सगळ्यांवर माझा दवाखाना पुष्कळ वर्षं चालला. २०१६ साली ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं उपलब्ध संशोधन तपासून कंबरदुखी आणि सायटिकासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत विजेचे हलके झटके देणारी यंत्रं, अल्ट्रासाउंड, वजनं आणि कमरेचे पट्टे देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं. शेकानं तासभर बरं वाटतं, हे खरं. बरं वाटणं काही वाईट नाही. गरम पाण्याची पिशवी घरीही घेता येते. पण रोज येऊन वीस मिनिटं यंत्राखाली पडून राहणं म्हणजे उपचार, ही समजूत सोडावी लागली.

ही समजूत माझ्याही मनातून सुटली, ती आधी एका रोग्यामुळे. एसटीचे चालक होते. पंचेचाळिशीचे असतील. डावा पाय दुखायचा, पोटरीत ताकद कमी झालेली. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून शस्त्रक्रियेची घाई नाही, असं सांगितलेलं. मी पंधरा दिवस यंत्रं लावली. रोज विचारायची, ‘दहापैकी किती दुखतंय?’ ते म्हणायचे आठ, मग सात, मग सहा. मी खूश. एके दिवशी ते म्हणाले, ‘मॅडम, तुमचा आकडा राहू द्या. मला क्लच दाबता येईल का, ते सांगा. रजा संपत आली.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवसांत मी त्यांना एकदाही उभं करून, बसवून, पाय लांब करून काय जमतं ते पाहिलं नव्हतं.

आधी हे चार प्रश्न

व्यायामांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती मला सोपी नाही.

माझ्या पहिल्याच वर्षी एक मावशी यायच्या. दोन्ही पायांत कळा. मी शेक द्यायची, त्या निमूट घ्यायच्या. आठव्या दिवशी त्यांची सून सोबत आली आणि बाहेर नेऊन माझ्या कानात म्हणाली, ‘तीन दिवसांपासून त्यांना लघवीची जाणीवच होत नाही.’ मावशींनी संकोचानं सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. पाय सुधारले. लघवीवरचा ताबा मात्र पुरता परत आला नाही. दोष मावशींचा नव्हता. विचारणं माझं काम होतं.

कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जो जुडगा असतो, त्याच्यावर मोठा दाब आला तर असं होतं. हे फार क्वचित होतं, पण झालं तर तासांचा हिशेब असतो. म्हणून आता प्रत्येक रोग्याला, स्त्री असो वा पुरुष, मी पहिल्या भेटीत स्पष्ट विचारते. लघवी सुरू व्हायला त्रास होतो का, ती तुंबते किंवा नकळत होते का? शौचावरचा ताबा कमी झालाय का? मांड्यांच्या मधल्या भागात, घोड्यावर बसताना खोगीर टेकेल त्या जागी, बधिरपणा आहे का? दोन्ही पायांतली ताकद भराभर कमी होतेय का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर फिजिओथेरपिस्टकडे येऊ नका, सकाळची वाटही पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. पाऊल उचलता येईनासं झालं, चप्पल पायातून आपोआप निसटू लागली, तरीही त्वरित डॉक्टरांना दाखवा. पाठदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा पडण्याचं निमित्त झालं असेल, तर तेही आधी डॉक्टरांना सांगा.

दुखणं वर सरकलं तर चांगलं

वरच्या प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ आली, की पुढचं काम आमचं. आम्ही रोग्याला टाचांवर चालायला सांगतो, मग चवड्यांवर. टाचांवर चालताना पाऊल वर राहत नसेल तर एक मूळ, चवड्यावर उभं राहता येत नसेल तर त्याखालचं मूळ, असा अंदाज बांधता येतो. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला, की नस ताणली जाते आणि किती अंशावर कळ येते ते कळतं. मग रोग्याला पुढे वाकवून, मागे वाकवून पाहायचं, की कोणत्या हालचालीनं पायातली कळ वाढते आणि कोणत्या हालचालीनं कमी होते. निम्मा उपचार या तपासणीतच सापडतो.

यामागे एक गंमतशीर घटना आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेंझी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. त्यांनी एका रोग्याला आतल्या खोलीत पालथं झोपायला सांगितलं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रोग्यासाठी वर उचलून ठेवलेली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं येऊन पाहतात तर रोगी कमरेतून मागे वाकलेल्या अवस्थेत पडलेला. त्या काळी हे धोक्याचं समजत. मॅकेंझी घाबरले. रोगी मात्र म्हणाला, ‘कित्येक आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं, पायातली कळ गेली.’ या अपघातातून त्यांनी पुढे एक पद्धत उभी केली. तिचं मुख्य सूत्र घरी प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं आहे. एखाद्या हालचालीनं दुखणं पावलाकडून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत असं वर सरकत असेल, तर ती हालचाल मानवतेय. मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी बिघडत नाही. दुखणं खाली उतरत असेल तर ती हालचाल थांबवायची.

चकतीच्या पुष्कळ रोग्यांना मानवणारा व्यायाम असा. पालथं झोपायचं, दोन-तीन मिनिटं स्वस्थ. पाय हलका वाटला तर कोपरांवर यायचं. तेही सोसलं तर तळहातांवर जोर देऊन छाती उचलायची, कंबर जमिनीलाच सैल सोडायची. आठ-दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. भुजंगासनासारखं दिसतं, पण इथे काम हातांचं, पाठ ढिली. नळी अरुंद झालेल्या आजोबांना मात्र याच्या उलट, उताणं झोपून गुडघे छातीशी घेण्यानं आराम पडतो.

दुसरा व्यायाम नसेसाठी. नस तिच्या वाटेवर पुढे-मागे सरकली पाहिजे. दुखण्यात ती एका जागी अडखळते. खुर्चीत बसून गुडघा हळू सरळ करायचा आणि त्याच वेळी मान वर न्यायची. गुडघा वाकवताना मान खाली आणायची. एका टोकाला ताण, दुसऱ्या टोकाला सैल. दोरी खेचायची नाही, नुसती सरकवायची. झिणझिण्या वाढल्या तर हालचाल लहान करायची.

तिसरं, चालणं. सुरुवातीला पाच मिनिटंच, पण दिवसातून सहा वेळा. एका दमात अर्धा तास चालून मग दोन दिवस झोपून राहण्यापेक्षा हे फार बरं. कळ ओसरू लागली की कुल्ल्याचे, पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करायचे. उताणं झोपून कंबर उचलणं, भिंतीला धरून उठबस, चवड्यांवर उभं राहणं. व्यायामानं थोडं दुखणं वाढलं आणि थोड्याच वेळात पूर्ववत झालं तर चालेल. रात्रभर ठणकलं तर मात्रा जास्त झाली, उद्या कमी करायची. हे सगळं कोणा प्रशिक्षित माणसानं एकदा तपासून, दाखवून, मगच घरी सुरू करावं.

या व्यायामांनी सरकलेली चकती कपाटाच्या खणासारखी आत ढकलली जाते, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. व्यायाम नसेला मोकळी करतात, स्नायूंचा आधार देतात, आणि मनातली भीती कमी करतात. शरीर आपलं काम करत असताना ते आपल्याला हिंडतं-फिरतं ठेवतात. अमेरिकेत २२० रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. दुखणं नवं असतानाच फिजिओथेरपी सुरू केलेल्यांची दैनंदिन कामं सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बरी चालत होती. फरक माफक होता, पण खरा होता. मोजमापही दैनंदिन कामांचंच होतं: बसणं, उभं राहणं, चालणं, उचलणं, झोप, प्रवास.

ओटा, बादली आणि दळणाचा डबा

तेव्हा आपणही मोजमाप तेच घेऊ या. सकाळ झाली. रात्रभर आडवं राहिल्यानं चकतीत पाणी शिरून ती फुगलेली असते. सकाळी आपण सेंटिमीटरभर उंचही असतो. म्हणून उठल्याबरोबर वाकणं जड जातं. पलंगावरून सरळ उठून बसू नये. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हातांच्या जोरावर उठायचं. दात घासताना, तोंड धुताना एक हात बेसिनवर. अंघोळीची बादली चौरंगावर किंवा स्टुलावर ठेवली की तांब्यासाठी प्रत्येक वेळी वाकावं लागत नाही. उकिडवं बसणं जमत नसेल तर शौचासाठी काही दिवस कमोडची खुर्ची आणावी. त्यात कमीपणा नाही.

स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहताना एका पायाखाली पाट घ्यायचा, दर थोड्या वेळानं पाय बदलायचा. विळीवर खाली बसून चिरण्याऐवजी काही दिवस टेबलावर सुरी. दळणाचा डबा एकदम भरून आणण्यापेक्षा दोन खेपा. उचलायची वस्तू अंगाशी घ्यायची, गुडघ्यातून खाली जायचं आणि वळताना कमरेतून पिळवटून न वळता पावलं टाकून वळायचं. कार्यालयात अर्ध्या तासानं उठायचं, फोन उभ्यानं घ्यायचा. दुचाकी पहिले काही आठवडे टाळलेली बरी. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक कोणत्या नसेला मानवणार! तंबाखू ओढणाऱ्यांनी तीही सोडावी. धूम्रपान आणि चकतीची झीज यांचा संबंध दिसून आला आहे.

पण ही पथ्यं कायमची नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. ‘आता जन्मात वाकू नका’ असं सांगितलेली माणसं माझ्याकडे दहा-दहा वर्षांनी येतात. अजून पट्टा बांधून, अजून नातवाला न उचलता. कणा वाकण्यासाठीच बनलेला आहे. कळ ओसरली की थोडं-थोडं वाकायला, उचलायला, खाली मांडी घालून बसायला परत शिकायचं असतं.

एमआरआय करावा का, असं सगळे विचारतात. धोक्याची लक्षणं नसतील आणि दुखणं नवं असेल, तर घाई नको. २०१५ साली कंबरदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र मांडण्यात आल्या. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत चकती फुगलेली होती, आणि त्यांना काहीही दुखत नव्हतं. केस पिकावेत तशी ही गोष्ट. चित्रातलं दुखणं आणि पायातलं दुखणं जुळतं का, हे तपासणाऱ्यानं ठरवायचं.

शस्त्रक्रियेला मी वाईट म्हणत नाही. २००७ साली नेदरलँड्समधला आणखी एक अभ्यास आला. दीड ते तीन महिने तीव्र दुखणं असलेले २८३ रोगी त्यात होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर मिळाला. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. म्हणजे धोक्याची लक्षणं नसतील, तर हा निर्णय विचार करून घ्यायला वेळ असतो.

आता त्या चालकांचं सांगते. त्या दिवशी मी यंत्र बाजूला ठेवलं आणि खुर्चीसमोर विटा रचून क्लचचं पेडल केलं. पाय पुढे लांब करून दाबताना नेमकी कळ आली. बसून पाय लांब करणं म्हणजे नस ताणणंच, हे पुस्तकात शिकले होते. पण चालकाच्या आसनाशी मी ते कधी जोडलं नव्हतं. मग नस सरकवण्याचे व्यायाम, पालथं झोपणं, चालणं सुरू केलं. दुखऱ्या पायाच्या चवड्यावर ते आधी दोनदाच उठू शकत, मग पाच, मग बारा वेळा. गाडीतलं आसन थोडं पुढे घ्यायला सांगितलं, म्हणजे गुडघा जरा वाकलेला राहतो. केबिनमधून उडी मारून उतरायची सवय मोडली. तोंड गाडीकडे करून, धरून उतरायचं. तीन महिन्यांनी ते कामावर गेले, आधी जवळच्या फेऱ्या, मग लांबच्या. पोटरीतला थोडा बधिरपणा राहिला तो राहिलाच. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

त्यानंतर मी रोग्याला ‘किती दुखतंय’ याच्याही आधी विचारते, ‘काय करता येत नाहीये?’ कोणी म्हणतं जमिनीवर बसून जेवता येत नाही, कोणी म्हणतं भातलावणी जवळ आलीये, कोणी म्हणतं वारीला जायचंय. उत्तर कागदावर सगळ्यात वर लिहायचं आणि तिथून उपचार मागे मोजत आणायचा. आपण कोणाकडे उपचाराला गेलात आणि हा प्रश्न विचारला गेला नाही, तर आपणच तो सांगा. आणि लघवीचा, बधिरपणाचा प्रश्न विचारला गेला नाही, तर संकोच न करता तेही आपणच सांगा.